इचलकरंजीचें मत जातें कोठें?

(विणकर व शेतकरी मंडळींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज इचलकरंजीच्या मतासंबंधानें चार शब्द बोलावयाचे आहेत. मत कोणास द्यावें हें सांगण्यास मी उभा राहिलों नाहीं. तें सांगणारे पुष्कळ आहेत, आणि निवडणूक आली कीं ते मोटारी भरभरून आपल्या दारीं येतात. हें गांव आजवर मत कसें देत आलें आणि त्या मताचें पुढें काय झालें, एवढेंच पाहूं.

1904 सालीं विठ्ठलराव दातारांनीं येथें पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हांपासून जो खडखडाट सुरू झाला तो वाढतच गेला. पण मागवाले म्हणजे सारे एक, असें बाहेरच्या माणसास वाटतें, तें खरें नाहीं. स्वतः सूत घेऊन कापड विकणारा निराळा. व्यापाऱ्याचें सूत आणून मजुरीनें विणून देणारा खर्चीवाला निराळा. आणि या दोघांच्या मागांवर रात्रपाळी करणारा कामगार तिसराच. पोट तिघांचेंही एकाच मागावर, पण हित एक नाहीं. विजेचा दर चढला कीं खर्चीवाल्याचा जीव जातो. कामगारानें मजुरी मागितली कीं तोच खर्चीवाला, स्वतः नागवलेला असूनही, त्याच्यावर डोळे वटारतो. 2013 सालीं कामगारांनीं महिन्याहून अधिक काळ माग बंद ठेवले, तेव्हां ही फूट साऱ्यांनीं पाहिली.

आतां मतांकडे या. याच गांवानें लाल बावट्याचे के. एल. मलाबादे यांना विधानसभेंत धाडलें. याच गांवानें काँग्रेसचे प्रकाश आवाडे यांना पुनःपुन्हां निवडून दिलें. 2009 व 2014 सालीं त्याच गांवानें भाजपचे सुरेश हाळवणकर यांना कौल दिला. 2019 सालीं आवाडे काँग्रेस सोडून अपक्ष उभे राहिले, तरी गांवानें त्यांनाच निवडलें. 2024 सालीं त्यांचे चिरंजीव राहुल आवाडे भाजपच्या कमळावर निवडून आले. म्हणजे ज्या दोन घरांची इतकीं वर्षें कुस्ती चालली, तीं एकाच आखाड्याचीं झालीं!

यावरून कोणी म्हणेल, इचलकरंजीचा मतदार चंचल आहे. मला तसें वाटत नाहीं. पुढाऱ्यानें चिन्ह बदललें, आणि पुष्कळ मतदार माणसामागें गेला. कां गेला? सूतगिरणी, साखर कारखाना, पतपेढी, बँक यांचें जाळें ज्याच्या हातीं, त्याच्याकडे मुलाची नोकरी, मागाचें कर्ज, उसाची तोड, सारें अडलेलें असतें. अशा माणसास पक्षाचें तत्त्व सांगणें म्हणजे उपाशी माणसास पंचांग वाचून दाखविणें होय.

मत गुप्त असतें, हें खरें. पण मतमोजणी यंत्रागणिक होते आणि केंद्रवार आंकडे जाहीर होतात. तुम्ही एकट्यानें कोणतें बटण दाबलें हें कोणास कळत नाहीं. तुमच्या गल्लीनें काय केलें हें मात्र पुढाऱ्याच्या कारकुनास तोंडपाठ असतें. गटार कोणत्या गल्लींत आधीं व्हावयाचें, हें तेथेंच ठरतें असा पुष्कळांचा अनुभव आहे.

पण सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची. पंचगंगा उशाशीं असून तिचें पाणी तोंडांत धरवत नाहीं. 2012 सालीं काविळीची साथ आली आणि माणसें दगावलीं. कृष्णेची नळवाहिनी वारंवार फुटते. वारणेचें पाणी आणावें म्हटलें तर वारणाकांठच्या शेतकऱ्यांनीं अडविलें. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना निघाली. तर 2023 सालीं कागलकडील पुढारी पक्षभेद विसरून विरोधास उभे राहिले. त्या शेतकऱ्यांस मी दोष देत नाहीं. उन्हाळ्यांत नदी आटली कीं उभा ऊस वाळतो, ही धास्ती ज्याच्या शेतांत विहीर नाहीं त्याला विचारा.

आतां यांतली मेख ऐका. इचलकरंजी लोकसभेच्या हातकणंगले मतदारसंघांत, आणि कागल कोल्हापूर मतदारसंघांत. विधानसभेचे मतदारसंघही निरनिराळे. येथें "पाणी आणतों" म्हणून मतें मिळतात, तेथें "पाणी जाऊं देणार नाहीं" म्हणून मिळतात. 2024 सालीं येथें राहुल आवाडे निवडून आले आणि कागलांत हसन मुश्रीफ. दोघेही एकाच महायुतीचे! एकाच सरकारला दोन तोंडांनीं बोलावयास आपणच मतें दिलीं. विणकराची बायको टँकरपुढें घागर घेऊन उभी, आणि शेतकरी नदीकांठीं पहारा देत उभा. मध्यें बसून निर्णय लांबविणारास मात्र एकही मत गमवावें लागत नाहीं.

म्हणून पुढल्या निवडणुकीपूर्वीं येथील खर्चीवाले व कामगार आणि सुळकूडकडील शेतकरी यांनीं एका सतरंजीवर बसावें. धरणांत पाणी किती, शेतीस किती लागतें, कालव्यांत व नळांत गळतें किती, हे आंकडे दोघांनीं मिळून सरकारांतून मागावे. तो कागद दोन्ही ठिकाणच्या उमेदवारांपुढें ठेवावा, आणि त्याच्यावर दोघांची सही एकाच दिवशीं घ्यावी.