आजोबांची दारू आणि नातवाचा मेंदू
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



व्यसन आणि मेंदू हा माझ्या कामाचा विषय. माझे वडील दारू पीत, हे तुमच्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. अशा घरातला मी वर्गात एकटाच नव्हतो. पण तेव्हा कोणी बोलत नसे. आज आपली मुले कॉलेजात आहेत. आजोबांचे व्यसन त्यांच्यात उतरेल का?

धोका उतरतो, हे खरे. १९७३ साली डोनाल्ड गुडविन यांनी डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्मदाता मद्यपी असलेले मुलगे दुसऱ्या घरी वाढले, तरी इतर दत्तक मुलग्यांच्या जवळपास चौपट प्रमाणात ते मद्यासक्त झाले होते. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते की या धोक्यात निम्मा वाटा आनुवंशिकतेचा आहे. उरलेला निम्मा घर, संगत आणि परिस्थिती यांचा.

मेंदूत खोलवर ‘न्यूक्लिअस अ‍ॅकम्बन्स’ नावाचे लहानसे केंद्र असते. बक्षिसाची चाहूल लागली की ते जागे होते. स्कॅनरमध्ये झोपवून पैसे जिंकण्याचा खेळ दिला की ते दिसते. मिशिगनमधल्या एका अभ्यासात, मद्यपी पालकांच्या १८ ते २२ वर्षांच्या मुलांमध्ये हा प्रतिसाद थंड आढळला. आणि गंमत म्हणजे ज्यांचे पिणे हाताबाहेर गेले नव्हते, त्यांच्यात तो विशेष थंड होता. म्हणजे तो थंडपणा कदाचित ढालही असेल. किशोरवयीन मुलांच्या दुसऱ्या अभ्यासात तर फरक दिसलाच नाही. तेव्हा स्कॅन बघून कोणाचे भविष्य सांगता येत नाही.

घरच्या घरी ओळखता येईल अशी खूण मात्र एक आहे. सॅन दिएगोच्या मार्क शुकिट यांनी मद्यपींच्या विशीतल्या मुलग्यांना मोजून मद्य दिले आणि दहा वर्षांनी पुन्हा तपासले. ज्यांना कमी चढली होती, त्यांच्यातले ५६ टक्के मद्यासक्त झाले होते. ज्यांना जास्त चढली होती, त्यांच्यातले १४ टक्के. ‘आपल्याला चढतच नाही’ ही फुशारकी नव्हे, धोक्याची घंटा आहे.

मधुमेह घराण्यात आहे, हे आपण मुलांना सांगतो. दारूचेही तसेच सांगा, लाज न बाळगता. वारसा आपण निवडलेला नसतो. पण तो माहीत असला, तर पहिल्या पेल्यापाशी थांबून विचार करता येतो.