खोट्या तोफेचा रणगाडा

आजचा विषय जरा विचित्र आहे. एक असा रणगाडा, ज्याची तोफच खोटी आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर जर्मनांनी पांझर थ्री रणगाड्यावर एक गाडी बनवली, पांझरबेफेल्सवागन. बेफेल म्हणजे हुकूम. थोडक्यात, हुकूम सोडणाऱ्याचा रणगाडा. आत वायरलेस सेट, नकाशे आणि पाच माणसं. एवढं सगळं भरल्यावर तोफेला आणि गोळ्यांना जागा कुठून येणार? मग त्यांनी तोफ काढली, तिच्या जागी नळीचं सोंग लावलं आणि टरेट बोल्टने जाम करून टाकला. खरं हत्यार काय, तर एक मशीनगन.

गंमत अशी की सोंग एवढं करून मागे इंजिनवर अँटेना कसला, तर लोखंडी पलंगासारखी मोठी चौकट! लांबूनच कळायचं की साहेब इथे बसलाय. पुढे ही चौकट गेली आणि छत्रीच्या काड्यांसारखा छोटा स्टार अँटेना आला. कमांडच्या पँथरमध्ये तर तोफही खरी होती, फक्त गोळे 79 वरून 64 वर आले. टायगरमध्ये 92 चे 66. वायरलेसची किंमत गोळ्यांत मोजायची, असा तो हिशोब.

मी हे 1:35 मध्ये बनवतो. हे प्रमाण आलं कुठून? तामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथरचं खेळण्यातलं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटरी बसवायची होती, आणि तो आकार निघाला 1:35. तेच जगभर चिकटलं.

आता खरा मुद्दा. ड्रॉइंग नाही, हातात फक्त जुना फोटो. माप कसं काढायचं? चाकावरून. पांझर थ्रीच्या ई आवृत्तीपासून पुढे रोडव्हीलचा व्यास 520 मिलिमीटर. फोटो तिरका असला तर गोल चाक लंबगोल दिसतं, पण त्याची उभी उंची तीच राहते. समजा ती 130 पिक्सेल भरली, म्हणजे एक पिक्सेल 4 मिलिमीटर. अँटेनाचा खांब 90 पिक्सेल असेल तर तो झाला 360 मिलिमीटर, म्हणजे मॉडेलवर साधारण 10.3. लांबी हवी असेल तर चाकाची रुंदी बघा. 130 ऐवजी 104 दिसली, म्हणजे लांबी 0.8 ने आखडली आहे, तेवढ्याने भागायचं. आणि अँटेना मागे असतो, म्हणून माप सगळ्यात मागच्या चाकावरून घ्यायचं, पुढच्या नाही. कॅमेऱ्यापासूनचं अंतर बदललं की पिक्सेलही बदलतो. भोसरी-चाकणमध्ये व्हर्नियर हातात धरणाऱ्याला यात काही नवल नाही, फक्त इथे जॉब ऐंशी वर्षांपूर्वीचा आहे.

चौकटीसाठी मी मोटर वायंडिंगची तांब्याची तार वापरतो. काडीसारख्या अँटेनासाठी किटच्या प्लास्टिकची दांडी मेणबत्तीवर तापवून हळूच ताणायची, केसासारखी बारीक होते.

रंगाचं मात्र फोटो ऐकू देत नाहीत. 1940 च्या उन्हाळ्यापर्यंत या गाड्या गडद करड्या आणि गडद तपकिरी अशा दोन रंगांत होत्या. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, त्यामुळे कित्येक वर्षं लोक सगळं करड्यातच रंगवत बसले.

फोटो मिळतात भरपूर. जर्मनीच्या बुंडेसआर्काइव्हने 2008 मध्ये सुमारे 80 हजार फोटो विकिमीडियावर खुले केले. गुडेरियन आपल्या कमांड गाडीत उभा आणि समोर एनिग्मा मशीन, तो 1940 चा प्रसिद्ध फोटो त्यातलाच. पण ते काढले कोणी? बरेचसे त्यांच्याच सैन्याच्या प्रचार तुकड्यांनी. कपडे नीट, चेहरे हसरे, गाडी झकास. गाडी ज्या गावातून गेली ते गाव सहसा फ्रेमच्या बाहेर.

हे सांगायचं कारण म्हणजे मला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, "अरे, हिटलरचे रणगाडे कशाला बनवतोस?" हा प्रश्न मला आवडतो. दुसरे म्हणतात, "काय शिस्त होती यार त्यांची!" याचा मला त्रास होतो. फोटोत इंजिनवर स्वस्तिकाचा झेंडा पसरलेला असेल, विमानांना ओळख पटावी म्हणून ते टाकायचे, तर माझ्या मॉडेलवरही तो असतो. आपल्या उंबऱ्यावरचं ते हे नव्हे. पण तो काढला तर गाडी धुवून निर्मळ केल्यासारखी होते, नुसतं भारी मशीन. ते मला नकोय.

आणि समोर कोण होतं हेही बघा ना. नाईक यशवंत घाडगे, रायगडमधल्या माणगाव तालुक्यातले, मराठा लाइट इन्फंट्री. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात याच जर्मन सैन्याच्या मशीनगनवर एकटे धावून गेले आणि तिथेच पडले. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

खरं लोखंड बघायचं असेल तर चाकण-शिक्रापूर रस्त्याने नगर हायवे पकडा. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये एक जर्मन चिलखती गाडी आहे, शिवाय 88 मिलिमीटरची तोफ. वेल्डिंगची शिवण आणि ओतीव पत्र्याचा खरखरीतपणा फोटोत कळत नाही, तिथे कळतो.

पुढचं मॉडेल मला इटलीतल्या मराठा पलटणीचं करायचंय, पण त्या बाजूचे फोटो फार कमी सापडतात. तुमच्या घरी पणजोबांचा पलटणीतला एखादा फोटो असेल तर स्कॅन करून ठेवा. मागची बाजू पण करा. गाव, तारीख तिथेच पेन्सिलीने लिहिलेली असते.