पोटगी : अर्जापासून वसुलीपर्यंत

घटस्फोटाच्या हुकूमनाम्याने विवाह संपतो, निर्वाहाची जबाबदारी मात्र संपतेच असे नाही. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या जोडीदाराला आणि मुलांना मिळणारी पोटगी ही कोणाची मेहेरबानी नसून कायद्याने दिलेला हक्क आहे.

हा हक्क मागण्याचे मुख्य मार्ग दोन. हिंदू विवाह कायदा, 1955 मधील कलम 24 खाली दावा चालू असताना अंतरिम, तर कलम 25 खाली कायम पोटगी मागता येते. या कलमांखाली गरजू पतीही अर्ज करू शकतो. दुसरा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 चा, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 125 चा. तो सर्वधर्मीय स्त्रियांना खुला आहे. घटस्फोटित स्त्रीला पुनर्विवाह करेपर्यंत त्याचा आधार घेता येतो आणि ती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात अर्ज करता येतो.

रक्कम ठरते ती कागदपत्रांवर. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 मधील रजनेश विरुद्ध नेहा या निकालानुसार दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पगारपत्रक, बँकेचे खातेउतारे, आयकर विवरणपत्र, घरभाडे, कर्जाचे हप्ते, मुलांची फी असा सारा तपशील त्यात येतो. याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात खरी काळजी घ्यायची ती संमतीच्या अटींत. 'खर्च दिला जाईल' एवढे मोघम वाक्य पुढे वादाला कारण होते. किती रक्कम, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात, फी वाढल्यास भार कोणावर, हे स्पष्ट लिहिलेले असावे. आईने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलांचा हक्क त्याने बुडत नाही.

कलम 144 खालील पोटगी थकली, तर रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. न्यायालय वसुलीचे वॉरंट काढते. तरीही रक्कम न भरल्यास प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. परिस्थिती बदलल्यास रक्कम वाढवून किंवा कमी करून मागता येते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे उत्पन्न कितीही असले तरी स्त्रिया मोफत कायदेशीर मदतीस पात्र असतात.