दोष जनुकात, बाईत नव्हे

(वसईत महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आईला किंवा मावशीला स्तनाचा कर्करोग झाला की घरातल्या मुलीकडे लोक कसे बघतात, हे आपण जाणतो. लग्नाच्या बोलणीत आजार लपवला जातो. पुढे कळलं की सुनेला ऐकवतात, "तुमच्याच घरातून आलं!" म्हणून आधी विज्ञान समजून घेऊ.

1990 साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या संशोधक बाईंनी दाखवलं, की काही घराण्यांतल्या या रोगाचं मूळ 17व्या गुणसूत्रावर आहे. 1994 मध्ये ते जनुक हाती आलं, बीआरसीए-1. पाठोपाठ बीआरसीए-2. पेशीतल्या डीएनएची मोडतोड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. जनुक बिघडलं की दुरुस्ती अडते. असा बिघाड असलेल्या 100 जणींपैकी साधारण 70 जणींना ऐंशी वर्षांपर्यंत हा रोग होतो; बाकीच्यांना होत नाही. म्हणजे चाचणी धोका सांगते, रोग नव्हे. शिवाय स्तनाच्या कर्करोगांपैकी आनुवंशिक असतात ते शंभरात पाच ते दहाच.

आणि हा बिघाड बापाकडूनही येतो, आईकडून येतो तितकाच. मग बोल एकट्या आईला का?

गाठ येण्याआधीच खूण सापडेल का? मेलबर्नच्या संशोधकांना 2009 मध्ये दिसलं, की बीआरसीए-1 बिघडलेल्या बायकांच्या स्तनातल्या काही पेशी रोग नसतानाही वेगळ्या वागतात. 2016 मध्ये त्यांतल्या काही पेशींवर 'रँक' हे प्रथिन आढळलं. यातून आशा आहे. पण दवाखान्यातली नेहमीची तपासणी म्हणून ही खूण अजून रुळलेली नाही. तिच्या नावावर कुणी पैसे मागितले तर सावध राहा.

मग करायचं काय? घरात दोघी-तिघींना, किंवा एखादीला तरुण वयात रोग झाला असेल, तर समुपदेशन घ्या. जनुक चाचणी शक्यतो रोग झालेल्या नातलगापासून सुरू करा. परळच्या टाटा रुग्णालयात हा सल्ला मिळतो.

इतर बायकांनीही थांबू नये. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने 1998 पासून दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष आला: पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.

चाचणी करायची की नाही, कुणाला सांगायचं, हे तिचं तिने ठरवायचं. सासरने नाही, माहेरनेही नाही. आपण फक्त तिच्यासोबत गाडीत बसायचं.