नकाशातील माणसे



शाळेत आम्ही नकाशा शिकलो तो नद्या, डोंगर आणि सरहद्दी पाठ करण्यापुरता. नकाशा कोणी काढला, त्यात जागा कोणाला मिळाली, हे आम्ही कधी विचारले नाही. आज एका चित्रकर्तीच्या कामामुळे ते विचारावेसे वाटते.

रीना सैनी कल्लाट यांचा जन्म १९७३ साली दिल्लीत झाला. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयातून १९९६ मध्ये त्यांनी चित्रकलेची पदवी घेतली. ‘वोव्हन क्रॉनिकल’ या कामात त्यांनी भिंतभर जगाचा नकाशा केला. तोही रंगाने नव्हे, तर विजेच्या वायरींनी. करारावर परमुलखात गेलेले मजूर, पोटासाठी निघालेले, आसरा शोधणारे, अशांच्या वाटा त्यात वायरींनी दाखवल्या आहेत. या वायरी काटेरी तारेसारख्या पिळलेल्या आहेत. सोबत कारखान्याचा भोंगा आणि जहाजाचा कर्णाही ऐकू येतो. २०१६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये विस्थापितांवरील प्रदर्शनात हे काम मांडले गेले.

बंधूंनो, वायर जोडते आणि काटेरी तार अडवते. या नकाशात दोन्ही एकच आहेत. माल सरहद्द सहज ओलांडतो, माणसाला मात्र कागद विचारले जातात. यातले राजकारण आम्हां कामगारांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आपलाच पट्टा पाहा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे चाकणपर्यंत कारखाने पसरले. औद्योगिक वसाहतीच्या नकाशात प्लॉट नंबर आहेत, रस्ते आहेत. पण मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आणि पुढे बिहार, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत मजूर पायी गावाकडे निघाले, त्या वाटाही कोणत्या नकाशात नाहीत.

आमच्या वाडवडिलांची वस्ती गावकुसाबाहेर होती. खेडे सोडा, शहराकडे चला, असे बाबासाहेबांनी सांगितले ते उगाच नव्हे. आम्ही आलो. पण शहराच्या नकाशातही आपल्या वस्त्या कुठे आहेत, हे तपासायला हवे. नकाशात जी वस्ती नाही, तिथे नळ आणि रस्ता उशिरा पोहोचतो.

म्हणून विद्यार्थ्यांना एकच विनंती. आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना विचारा : गाव कोणते, कोणत्या साली निघालात, एस.टी.ने की रेल्वेने, पहिली खोली कुठे घेतली, पहिला पगार कोणत्या खात्यात झाला? ते सारे एका कागदावर रेघांनी काढा. रेघ वाकडी आली तरी चालेल. असे शंभर कागद जोडले की आपल्या पट्ट्याचा खरा नकाशा तयार होईल, आणि त्यात आपली माणसे असतील.