आपल्या कोपऱ्यावरचा रस्ता ओलांडताना

(मंडळाच्या गेल्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर ज्ञानेश्वरीवर बोलणं झालं, अहिल्याबाईंवर झालं, मागच्या वर्षी मधुमेहावरही झालं. मला चिटणीस म्हणाले, "तुम्ही रस्ते-पुलांच्या कामात जन्म काढलात, विषय तुम्हीच ठरवा." म्हणून मी लांबचा विषय घेतलेला नाही. इथून दीडशे पावलांवर, आपली गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते, तो कोपरा हाच माझा विषय आहे.

गेल्या चातुर्मासात त्या कोपऱ्यावर आपल्या एका आजींना स्कूटरनं धडक दिली. त्यांचं नाव घेत नाही, तुम्ही सगळे त्यांना ओळखता. वर्षानुवर्षं आपल्या गणपतीच्या एकवीस मोदकांना आकार त्यांच्याच बोटांनी दिला. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. आता त्या घरात वॉकर घेऊन चालतात, पण इथपर्यंत येत नाहीत. आरती त्यांना भोंग्यातून ऐकू येते. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "भाऊ, माझंच चुकलं. मी घाई केली."

त्या वाक्यानं मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन कोपऱ्यावर गेलो. तिथे जे दिसलं ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आपल्यासमोरचा रस्ता चौपदरी आहे. एक पदर साडेतीन मीटरचा, म्हणजे चार पदर १४ मीटर. सिग्नल नाही. मधे दुभाजक आहे, पण हातभरही रुंद नाही. काठी घेतलेलं माणूस त्यावर उभं राहू शकत नाही. म्हणजे ओलांडायचं तर एका दमात. धडधाकट माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो, त्याला १२ सेकंद पुरतात. म्हातारं माणूस सेकंदाला ०.९ मीटरच्या आसपास चालतं, त्याला १६ सेकंद लागतात.

आता गाडीचा हिशेब. ताशी ५० किलोमीटर वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर पुढे येते. १६ सेकंदांत ती २२० मीटर येते. म्हणजे आजींनी पहिलं पाऊल टाकलं त्या क्षणी, पलीकडच्या पदरात डावीकडून येणारी गाडी २२० मीटर दूर असायला हवी आणि अलीकडे उजवीकडून येणारी ११० मीटर. एवढ्या लांबची गाडी आपल्यातल्या किती जणांच्या डोळ्यांना नीट कळते? आणि तिचा वेग?

आणि उजवीकडे ११० मीटर दिसत होतं का? नव्हतं. वीसेक पावलांपलीकडे काहीच दिसत नव्हतं. कारण गल्लीच्या तोंडाशी उजव्या हाताला एक कमान उभी होती. तिच्या खांबाला खालपासून वरपर्यंत फ्लेक्स बांधलेला होता. ती कमान आपल्या मंडळाची. गेल्या उत्सवाची, काढायची राहून गेलेली. त्या फ्लेक्सवर देणगीदारांच्या यादीत माझंही नाव आहे.

फ्लेक्समुळे उजवीकडचं दिसेना, म्हणून आजी दोन पावलं रस्त्यात उतरल्या आणि मान उजवीकडे वळवून पाहू लागल्या. लहानपणी आपल्याला शिकवतात तसंच. स्कूटर आली डावीकडून, उलट्या दिशेनं, रस्त्याच्या कडेकडेनं. चालवणारा मुलगा आपल्याच कॉलनीतला होता. तो पळून गेला नाही. त्यानंच रिक्षा थांबवली, त्यानंच दवाखान्यात नेलं. वाईट मुलगा नाही तो.

मग तो उलट्या दिशेनं का आला? कारण दुभाजकातला कट पाऊण किलोमीटर पुढे आहे. दूध आणायला जायचं तर दीड किलोमीटरचा वळसा. तेवढा वळसा कोण घेतो? मी सांगतो, मी घेत नव्हतो. सत्तरी ओलांडलेला, रस्त्यांचे नकाशे काढण्यात आयुष्य गेलेला हा माणूस डेअरीपर्यंत रोज रॉंग साइडनं जात होता. "एवढंसं तर आहे," असं म्हणून. त्या मुलानं वेगळं काय केलं?

म्हणून माझं म्हणणं असं, की आजींचं चुकलं नाही. नशिबानंही काही झालं नाही. एक न काढलेली कमान, एक चुकीच्या जागी सोडलेला कट, एक अरुंद दुभाजक आणि आपली सगळ्यांची एक सवय, या चार गोष्टी एका जागी आल्या. चारही मोजता येतात आणि चारही बदलता येतात.

हे आपल्या एका कोपऱ्याचं दुखणं नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता. अपघातांच्या संख्येत तमिळनाडूच्या खालोखाल आपला मध्य प्रदेश होता. या आकड्यांत खुबा मोडून घरात बसलेली माणसं धरलेलीच नाहीत.

आता उपाय. कोणी म्हणेल, स्पीड ब्रेकर टाका. टाकायला हवा, पण रातोरात डांबराचा उंचवटा करून नव्हे. अशा अरुंद उंचवट्यावर स्कूटरवर मागे बसलेल्या बाईची कंबर मोडते. भारतीय रस्ते काँग्रेसनं माप दिलेलं आहे: ३.७ मीटर लांब आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. त्यावरून हळू जाणाऱ्याला धक्का बसत नाही, जोरात जाणाऱ्याला बसतो. त्याच्या आधी सूचनेचा फलक आणि वर पांढरे पट्टे हवेत.

दुसरं, ओलांडण्याच्या जागी दुभाजक दीड मीटर रुंद करून मधे उभं राहण्यापुरती जागा हवी. याचा फायदा पाहा. आजी आधी सात मीटर ओलांडतील आणि थांबतील. मग उरलेले सात. एका वेळी एकाच बाजूला पाहायचं. १६ सेकंदांचे ८ झाले, २२० मीटरचे ११०. त्यात गाड्यांचा वेग ताशी ३० वर आला, तर ७० मीटरही मोकळे पुरतात. चष्मा लावलेल्या म्हातारीला एवढं दिसतं. उड्डाणपूल नको, कोटीचा खर्च नको. थोडं सिमेंट, थोडा रंग आणि नीट माप घेतलेला उंचवटा, एवढंच मागायचं आहे.

आपण तीन अर्ज दिले आहेत. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." मी ते अर्ज पुन्हा वाचले. तिन्हींत "योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती" असं होतं. योग्य म्हणजे काय, ते आपण लिहिलंच नव्हतं. मी स्वतः टेबलाच्या त्या बाजूला बसलेलो आहे. असा अर्ज फायलीत सहज झोपतो. ज्या अर्जाला नकाशा, फोटो, मापं आणि मागणी असते, त्याला झोपवणं अवघड जातं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसली आणि त्यातून माणूस दगावला किंवा अपंग झाला, तर संबंधित यंत्रणा आणि ठेकेदार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कोणाला धमकावण्यासाठी हे सांगत नाही. आपण मेहेरबानी मागत नाही, एवढं कळावं म्हणून सांगतो.

तुम्ही म्हणाल, लोकांच्या सवयी कशा बदलणार? हे इंदूरकरांनी विचारू नये. ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा, हे आपण शिकलोच ना? २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिले आलो. आणि त्याच्या शंभर वर्षं आधीही या शहरानं एकदा हे करून दाखवलं होतं. १९१७ साली प्लेगचे दिवस होते. होळकर दरबारानं पॅट्रिक गेडेस या नगररचनाकाराला बोलावलं होतं. त्यानं दिवाळीची मिरवणूक काढली आणि जाहीर केलं, की नेहमीच्या मार्गानं ती जाणार नाही. ज्या रस्त्यांवर लोक आपली घरं सर्वांत जास्त झाडून-दुरुस्त करतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. शहर कामाला लागलं. सफाई कामगारांना मिरवणुकीत मान मिळाला. दुसऱ्या वर्षी त्याचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत छापला गेला. नगररचना शिकणारे तो आजही वाचतात.

मिरवणूक आपल्याकडेही आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या पाहायला सगळं शहर पायी निघतं. त्या एका रात्री रस्ता चालणाऱ्याचा असतो आणि लहान पोरं बापाचा हात सोडून धावतात. बाकीच्या रात्री निदान ओलांडता तरी यावा.

म्हणून मंडळापुढे तीन गोष्टी ठेवतो. एक, आपली कमान यापुढे गल्लीच्या तोंडाशी नको. आत, शाळेच्या भिंतीजवळ उभी करू. देणगीदारांची नावं तिथेही वाचता येतील. दोन, मापांसह नवा अर्ज मी तयार केला आहे. घरटी एक सही हवी. तीन, डेअरीला जाताना वळसा घ्यायचा किंवा पायी जायचं. मी दोन महिन्यांपासून पायी जातो. साखरही थोडी उतरली आहे, मागच्या वर्षीचं व्याख्यान वाया गेलं नाही.

विसर्जनाच्या दिवशी आपली पालखी त्या कोपऱ्यावरून जाते. त्या दिवशी आजींना खुर्चीत बसवून तिथपर्यंत आणायचं आहे. त्यांना मोकळा कोपरा दिसावा, एवढी माझी इच्छा आहे.

कमान उद्या सकाळी सात वाजता हलवू. शिडी मंडळाची आहे, दोर मी आणतो. चार माणसं हवीत.

गणपती बाप्पा मोरया!