भ्रमणध्वनी आणि पुरुषांचे जननस्वास्थ्य
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अपत्यप्राप्तीसाठी आमच्याकडे जोडपी येतात. कोणी आंदर मावळातील वाडीवरून, कोणी लोणावळ्याच्या बाजारपेठेतून. पुष्कळदा फाइलमध्ये पत्नीच्या तपासण्यांचे कागद खच्चून भरलेले असतात, पतीचा मात्र एकही नसतो. वीर्यतपासणीचा विषय काढताच पती संकोचतो आणि विचारतो, "डॉक्टर, मोबाइल खिशात ठेवल्याने असे होते का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे, हाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

भ्रमणध्वनीतून रेडिओलहरी बाहेर पडतात. क्ष-किरणांप्रमाणे त्या अणूंचे आयनीकरण करीत नाहीत. तीव्रता फार असल्यास ऊतींचे तापमान वाढवितात. वृषणांना शरीराहून दोन ते चार अंश कमी तापमान लागते, म्हणून शंका घेणे स्वाभाविक होते. २००८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉ. अशोक अगरवाल व सहकाऱ्यांनी ३६१ पुरुषांची पाहणी प्रसिद्ध केली. फोनचा वापर जितका अधिक, तितकी शुक्रजंतूंची संख्या व हालचाल कमी, असे तीत आढळले. परंतु हे सर्व पुरुष वंध्यत्वाच्या तपासणीसाठीच आलेले होते. शिवाय दिवसभर फोनवर असणाऱ्याची झोप, ताण आणि व्यसनेही वेगळी असू शकतात.

२०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधील १८ ते २२ वर्षे वयाच्या २,८८६ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून वीसहून अधिक वेळा फोन वापरणाऱ्यांत शुक्रजंतू दर मिलिलिटरमागे ४ कोटी ४५ लाख, तर क्वचित वापरणाऱ्यांत ५ कोटी ६५ लाख आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची किमान संदर्भमर्यादा १ कोटी ६० लाख आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. फोन खिशात ठेवण्याशी मात्र संबंध दिसला नाही, आणि नव्या तंत्रज्ञानाबरोबर एकूण संबंधही क्षीण होत गेला. संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यानेही मानवी पुरावा अत्यंत अनिश्चित ठरविला. तात्पर्य, फोन संशयित आहे, दोषी ठरलेला नाही.

तथापि आपल्या मावळास एक गोष्ट लागू पडते. तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी डोंगराआड सिग्नल क्षीण असतो आणि क्षीण सिग्नलवर फोन अधिक शक्तीने लहरी सोडतो. अशा ठिकाणी बोलणे थोडक्यात उरकावे, इअरफोन वापरावा आणि रात्री फोन अंथरुणात घेऊ नये. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून फोनसाठी शोषणमर्यादा किलोमागे १.६ वॅट अशी कडक केली आहे. एवढी काळजी पुरेशी आहे, भय नको.

भय बाळगायचेच, तर सिद्ध झालेल्या कारणांचे बाळगावे. अंडकोशातील शिरा फुगणे, तंबाखू व मद्य, तारुण्यात झालेले गालगुंड, शेतातील काही कीटकनाशके, भट्टीजवळच्या कामाची सततची उष्णता, ही ती कारणे होत. यांपैकी अनेकांवर उपाय आहे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून व्यसन आज सुटले, तर त्याचे फळ तीन महिन्यांनी तपासणीत दिसू शकते.

वंध्यत्वाच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा जोडीने असते. तरीही बोल सुनेलाच लागतो, उपास-नवस तीच करते आणि तिच्या उमेदीची वर्षे निघून जातात. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून या विषयांवर उघडपणे लिहिले. त्यांनी सोडविलेली गाठ आपण आजही बांधूनच ठेवावी काय?

देणगीदारांस एक विनंती आहे. वीर्याचा नमुना तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो. दूरच्या वाडीवरून, पावसाळ्यात, ते शक्य होत नाही. म्हणून रुग्णालयातच एक स्वच्छ, एकांताची खोली हवी. खर्च मोठा नाही. तिच्यामुळे पुष्कळ स्त्रियांच्या माथ्यावरचा अकारण दोष उतरेल.

आणि कुटुंबीयांना एवढेच सांगणे, की पहिल्याच भेटीला दोघांनी मिळून यावे.